ईगल्सचा नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर : केलन मूर यांची पारख कशी करावी?

पॅटिसनकर (२५ जानेवारी २०२४)

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सने या आठवड्यात ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचे आखणीकार, ब्रायन जॉन्सन यांना पदावरून दूर केले, आणि त्यांच्या जागी ज्यांची नावे घेतली जात आहेत त्यांत केलन मूर यांचे नाव सर्वांत वर आहे. येथे ईगल्सचे बरेच चाहते आहेत आणि डॅलस परिसरात राहून मूर यांचे डॅलस काउबॉइजमधले काम चार वर्षे पाहिलेले काही जणही आहेत, म्हणून हा धागा काढतो आहे.

आधी पार्श्वभूमी. संघाने हंगामाची सुरुवात १० विजय आणि १ पराभव अशी केली, पुढच्या सहांपैकी पाच सामने गमावले, आणि १५ जानेवारीला टँपाच्या मैदानावर बकनीअर्सकडून ३२-९ अशी हार पत्करली. त्या सामन्यात ईगल्सला थर्ड डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींतली तिसरी) नऊ वेळा खेळावा लागला आणि नऊपैकी एकदाही पुढचा फर्स्ट डाऊन मिळाला नाही. रिसीव्हर (फेकी झेलणारे) ए. जे. ब्राऊन गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळले नाहीत आणि क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारे) जेलन हर्ट्स यांच्या फेकीच्या हाताचे मधले बोट आदल्या आठवड्यात निखळले होते, हे मान्य करूनही जे दिसले ते केवळ दुखापतींनी घडलेले नव्हते. क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या पाच जणांवर प्रतिस्पर्ध्याचे सहा जण धावून आले की एक जण मोकळा सुटणारच; त्या क्षणी कोणत्या रिसीव्हरने धाव आखूड करून चेंडूसाठी वळायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते. टँपात बहुतेक वेळा सगळेच रिसीव्हर लांब पळत होते आणि हर्ट्स एकटे उरत होते. एकदा तर ते स्वतःच्याच एंड झोनमध्ये सापडले आणि प्रतिस्पर्ध्याला सेफ्टीचे दोन गुण मिळाले.

त्यामुळे माझ्या मते उमेदवाराला विचारायचा पहिला प्रश्न ‘तुमचा संघ यार्डांमध्ये (म्हणजे चेंडू किती पुढे नेला त्यात) कितवा आला’ हा नसावा. तुमचा आखलेला बेत पहिल्या पंधरा मिनिटांत उघडा पडला तर सोळाव्या मिनिटाला तुम्ही काय करता, हा असावा. मूर यांची कागदावरची कामगिरी दिमाखदार आहे: २०१९ मध्ये काउबॉइज यार्डांत लीगमध्ये पहिले, २०२१ मध्ये यार्ड आणि गुण या दोन्हींत पहिले. परंतु २०१९ चा तोच संघ ८-८ वर थांबला होता. म्हणून पाहणाऱ्यांनी प्रत्यक्ष काय पाहिले ते सांगावे.

आडगावकर (२५ जानेवारी २०२४)

पुण्यात बसून पहाटे सामने पाहणाऱ्यांपैकी मी एक आहे. खेळाचे नियम कळू लागले आहेत, पण संघाच्या रचनेतला हा माणूस नेमके काय करतो ते अजून नीट उमगलेले नाही. आपल्याकडचा फलंदाजीचा प्रशिक्षक आणि हा, यांत फरक कोणता?

पॅटिसनकर (२५ जानेवारी २०२४)

फलंदाजीचा प्रशिक्षक सरावात सांगतो आणि सामना सुरू झाल्यावर पॅव्हेलियनमध्ये बसतो. येथे कोऑर्डिनेटर प्रत्येक चेंडूआधी कोणता फटका मारायचा ते ठरवतो, असे समजा. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये एक छोटा स्पीकर असतो. त्यातून प्ले, म्हणजे पुढची चाल, सांगितला जातो आणि प्ले-क्लॉकवर पंधरा सेकंद उरले की तो संवाद आपोआप बंद होतो. एका सामन्यात असे साठ-सत्तर निर्णय घ्यावे लागतात. आठवडाभरात बेत आखणे, सामन्यात प्ले पुकारणे आणि क्वार्टरबॅक घडवणे ही तीन कामे एकाच पदावर येतात, आणि तिन्हींत सारखाच तरबेज असलेला माणूस विरळा. शिवाय काही संघांत प्ले पुकारण्याचे काम मुख्य प्रशिक्षक स्वतःकडेच ठेवतात, त्यामुळे नुसत्या पदनामावरून काही कळत नाही. ईगल्समध्ये मुख्य प्रशिक्षक निक सिरियानी यांनी २०२१ च्या हंगामात ते काम तेव्हाचे कोऑर्डिनेटर शेन स्टायकन यांच्याकडे सोपवले आणि तेव्हापासून ते कोऑर्डिनेटरकडेच आहे.

डॅलसचा शेजारी (२६ जानेवारी २०२४)

काउबॉइजचे मुख्यालय फ्रिस्कोमध्ये माझ्या घरापासून फार दूर नाही, आणि मूर यांचे चारही हंगाम मी बारकाईने, आणि कबूल करतो, बऱ्याचदा चिडून पाहिले आहेत.

त्यांच्या बाजूचे आधी लिहितो. बॉयझी स्टेटचे क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत त्यांचा हिशेब ५० विजय आणि ३ पराभव असा होता. तरीही २०१२ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) त्यांना कोणी निवडले नाही, कारण उंची कमी आणि हात फार बळकट नाही. अशा खेळाडूला टिकून राहायचे तर इतरांच्या आधी मैदान वाचावे लागते, आणि ती सवय त्यांच्या कामात दिसते. वडील शालेय संघाचे प्रशिक्षक असल्याने पाटी-खडूचे वातावरण घरातच होते. २०१८ मध्ये ते डॅलसचे क्वार्टरबॅक प्रशिक्षक झाले आणि पुढच्याच वर्षी, तिशीत, कोऑर्डिनेटर. २०२० मध्ये माइक मॅकार्थी मुख्य प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा त्यांनीही मूर यांना कायम ठेवले. नवा साहेब जुन्या साहेबाचा माणूस सहसा ठेवत नाही. चेंडू हलण्याआधी एखाद्या खेळाडूला आडवे सरकवून बचाव कोणत्या पद्धतीचा आहे ते उघडे पाडणे, रिसीव्हर एकत्र गुच्छाने उभे करून त्यांच्यावरच्या बचावपटूंची गर्दी करणे, ही त्यांची हातखंडा कामे आहेत. तुमच्या संघात यंदा हेच सर्वांत कमी दिसले.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२२ मध्ये प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्सविरुद्ध २३-१७ असे मागे असताना, १४ सेकंद उरलेले आणि एकही टाइमआउट शिल्लक नसताना क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट यांना मधून धावण्याचा प्ले दिला गेला. ते सतरा यार्ड धावले, पण पंचांना चेंडूला हात लावून तो जागेवर ठेवायला वेळ लागला आणि घड्याळ संपले. पुढच्या वर्षी त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध १९-१२ असे मागे असताना शेवटच्या प्लेसाठी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) इझिकिएल एलियट यांना सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) जागी उभे करण्यात आले. तो प्ले काही क्षणांतच कोसळला आणि त्याची थट्टा आमच्या ऑफिसात अजून होते. दोन्ही निर्णय एकट्या मूर यांचे होते असे मी म्हणणार नाही, पण दोन्ही वेळा मोठ्या सामन्यात दुसऱ्या सत्रातला खेळ आटला, हे मात्र मी पाहिले आहे. नियमित हंगामात दुबळ्या संघांवर गुणांचा डोंगर रचायचा आणि तगडा बचाव समोर आला की बाराच गुण, अशी सरासरी काढली तर आकडा चांगलाच दिसणार.

आणि सर्वांत अडचणीचा मुद्दा असा की ते गेल्यावर डॅलसचे काही बिघडले नाही. २०२३ मध्ये मॅकार्थी यांनी प्ले स्वतः पुकारले, संघ गुणांमध्ये लीगमध्ये पहिला आला, आणि २०२२ मध्ये १५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेकी) देणाऱ्या प्रेस्कॉट यांनी यंदा ३६ टचडाऊन आणि केवळ ९ इंटरसेप्शन अशी कामगिरी केली.

पॅटिसनकर (२६ जानेवारी २०२४)

शेजारीबुवा, शेवटचा मुद्दा वजनदार आहे. पण गुणांत पहिला आलेला तोच संघ याच महिन्यात पॅकर्सकडून घरच्या मैदानावर ४८-३२ असा हरला. म्हणजे जानेवारीत गळपटण्याचा रोग मूर यांच्याबरोबर गाव सोडून गेला नाही. एलियट यांचा तो प्ले मात्र कोणत्याही वकिलाने लढवू नये.

अवंती_जर्सी (२६ जानेवारी २०२४)

आपण सगळे डॅलसच्या चार वर्षांवर बोलतो आहोत आणि त्यानंतरच्या चार्जर्सच्या एका वर्षाला वळसा घालतो आहोत. २०२३ मध्ये मूर यांच्या हाती क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्ट होते, तरी संघ ५-१२ वर संपला आणि गुणांच्या क्रमवारीत निम्म्याहून खाली राहिला. रेडर्सकडून ६३-२१ अशी धूळधाण झाल्यावर मुख्य प्रशिक्षक ब्रँडन स्टेली यांना घरी पाठवण्यात आले.

अर्थात हे वर्ष तराजूत टाकताना मोजायच्या गोष्टीही आहेत. ऑस्टिन एकलर पहिल्याच सामन्यात घोट्याने जायबंदी झाले, तिसऱ्या सामन्यात माइक विल्यम्स यांच्या गुडघ्याने हंगाम संपवला, सेंटर कोरी लिन्सली हृदयाच्या तक्रारीमुळे बाहेर गेले, आणि डिसेंबरमध्ये हर्बर्ट यांचे बोट मोडले. रेडर्सविरुद्धच्या त्या सामन्यात हर्बर्ट नव्हतेच. तरीही माझा आक्षेप उरतो, आणि तो धावण्याच्या खेळाबद्दल आहे. त्या संघाला वर्षभर नेटाने धावता आले नाही. ईगल्सकडे मात्र लीगमधल्या सर्वोत्तम ओ-लाइनपैकी (क्वार्टरबॅकपुढच्या पाच जणांच्या भिंतीपैकी) एक आहे, आणि तिला २०१३ पासून जेफ स्टाउटलंड यांनी घडवले आहे. अशा घरात येणाऱ्या माणसाने आधी धावण्याच्या खेळाचा मान राखला पाहिजे. मूर तसे करतील याचा पुरावा मला चार्जर्सच्या वर्षात सापडत नाही.

दुसरे नाव क्लिफ किंग्जबरी यांचे घेतले जात आहे, पण त्यांच्याबाबतीत तर मला भीतीच वाटते. अ‍ॅरिझोनाचे मुख्य प्रशिक्षक असताना २०२१ मध्ये त्यांचा संघ १०-२ असा होता, तेथून तो ११-६ वर आला आणि प्लेऑफमध्ये रॅम्सकडून ३४-११ असा हरला. डिसेंबरमध्ये कोसळणारा संघ सावरायला डिसेंबरमध्ये कोसळलेल्याच संघाचा आखणीकार आणावा का?

चौथा डाऊन (२६ जानेवारी २०२४)

आतापर्यंतच्या चर्चेत उमेदवाराची परीक्षा चालली आहे. ज्या घरात तो येणार त्या घराची कोणी घेत नाही.

हर्ट्स यांची गेल्या आठ वर्षांची यादी पाहा. अलाबामात २०१६ मध्ये लेन किफिन आणि अखेरच्या सामन्यासाठी स्टीव्ह सार्किजियन, २०१७ मध्ये ब्रायन डेबोल, २०१८ मध्ये माइक लॉक्सली. ओक्लाहोमात २०१९ मध्ये लिंकन रायली. ईगल्समध्ये २०२० मध्ये डग पीडरसन, मग सिरियानी, मग स्टायकन, मग जॉन्सन. यांतल्या फक्त स्टायकन यांच्याबरोबर त्यांना सलग दुसरा हंगाम मिळाला, आणि त्याच हंगामात, २०२२ मध्ये, ते सुपर बोलपर्यंत (लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत) गेले. ज्या विद्यार्थ्याला दरवर्षी नवे मास्तर आणि नवी लिपी मिळते त्याने यंदा १५ इंटरसेप्शन दिली तर नवल नाही. संघाने त्यांच्याशी गेल्या वर्षी पाच वर्षांचा २५ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला आहे, म्हणजे लिपी बदलणे सोपे, विद्यार्थी बदलणे नाही.

म्हणून मूर यांना मुलाखतीत विचारायचा माझा प्रश्न असा: तुमच्या आराखड्यातले किती शब्द तुम्ही टाकून द्यायला तयार आहात? हर्ट्स यांना आधीपासून येणाऱ्या गोष्टी, म्हणजे चेंडू देऊ की स्वतः धावू हे बचावाच्या हालचालीवरून ठरवणारे प्ले आणि ब्राऊन यांच्याकडे लांब फेकी, तशाच ठेवून त्यांच्यावर मोशन (चेंडू हलण्याआधी खेळाडू सरकवणे) आणि ब्लिट्झची (बचावातून जादा माणसे धावून येण्याची) उत्तरे चढवायची, की घर पाडून नवे बांधायचे? पाडण्याला माझा विरोध आहे, कारण पाया उत्तम आहे.

आणि सिरियानी यांना विचारायचा प्रश्न याहून अवघड आहे. जॉन्सन हे हर्ट्स कुटुंबाला कित्येक वर्षांपासून ओळखणारे, घरातूनच बढती मिळालेले आणि एनएफएलमध्ये प्रथमच प्ले पुकारणारे गृहस्थ होते. आराखडा मात्र मुळात सिरियानी यांचा होता. तो आराखडा प्रतिस्पर्ध्यांच्या बचाव प्रशिक्षकांनी पाठ केला तेव्हा जॉन्सन यांना तो मोडण्याची मुभा होती का? ती मुभा नव्हती असे समजले तर उद्या मूर असोत की आणखी कोणी, पुढच्या जानेवारीत आपण हाच धागा पुन्हा काढू.

आडगावकर (२७ जानेवारी २०२४)

वाचून एक शंका आली. मूर यांना मुख्य प्रशिक्षक व्हायचे असेलच. चांगले काम केले तर वर्षभरात निघून जातील, वाईट केले तर काढले जातील. दोन्हीकडून हर्ट्स यांच्या नशिबी पुन्हा नवे मास्तर.

पॅटिसनकर (२७ जानेवारी २०२४)

शंका रास्त आहे. २०२१ मध्ये ईगल्सनेच त्यांची मुख्य प्रशिक्षकपदासाठी मुलाखत घेतली होती आणि निवड सिरियानी यांची झाली. त्यामुळे एकदा नाकारलेल्या उमेदवाराने निवडलेल्याच्या हाताखाली काम करायचे, असा हा प्रसंग आहे. तो मानाने निभावणे सोपे नसते. पण जो कोणालाच नको आहे असा कोऑर्डिनेटर दीर्घकाळ टिकेल म्हणून आणणे हा शहाणपणा नव्हे. भाडेकरू चांगला असेल तर अकरा महिन्यांचा करारही चालतो.

माझे मत नोंदवून ठेवतो. चार्जर्सचे वर्ष मी दुखापतींमुळे निम्म्या वजनाने धरतो. डॅलसमधली चार वर्षे पूर्ण वजनाने धरतो, शेवटच्या त्या दोन प्लेंसह. ब्लिट्झला उत्तर आणि मोशन या ज्या दोन गोष्टी आपल्याकडे नाहीत, त्या त्यांच्याकडे आहेत. आणि धावण्याचा जो खेळ त्यांना चार्जर्सकडे उभा करता आला नाही, तो आपल्याकडे तयार आहे. मी होकार देईन.

डॅलसचा शेजारी (२७ जानेवारी २०२४)

मी होकार देईन, पण शेवटच्या दोन मिनिटांत हेडसेट, म्हणजे प्ले पुकारण्याचे काम, दुसऱ्या कोणाकडे तरी द्या.

अवंती_जर्सी (२८ जानेवारी २०२४)

बातम्यांनुसार मूर येत आहेत. धाव-खेळाबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे. हंगाम सुरू झाल्यावर बोलू.

डॅलसचा शेजारी (१८ सप्टेंबर २०२४)

धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व, पण सोमवारी रात्री अटलांटाविरुद्ध काय पाहिले ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. तीन गुणांची आघाडी, पावणेदोन मिनिटांच्या आसपास वेळ, समोरच्या संघाकडे टाइमआउट नाही, थर्ड डाऊनला तीन यार्ड हवेत आणि तुमच्याकडे रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली. अशा वेळी धावून घड्याळ चालू ठेवायचे सोडून फेकीचा प्ले दिला, बार्कली यांच्या हातून चेंडू सुटला आणि घड्याळ थांबले. फील्ड गोलने आघाडी सहाची केली खरी, पण फाल्कन्सने उरलेल्या वेळात टचडाऊन करून सामना २२-२१ असा नेला. जानेवारीत मी हेडसेटबद्दल लिहिलेले वाक्य पुन्हा वाचावे.

चौथा डाऊन (१८ सप्टेंबर २०२४)

चेंडू हातात बसला असता तर आपण याच प्लेला धाडसी म्हटले असते, हे खरे. तरीही निर्णय चुकीचाच होता. अशा वेळी मुख्य प्रशिक्षकाने मध्ये बोलायचे असते, त्यामुळे निम्मा दोष सिरियानी यांचाही.

पॅटिसनकर (३० सप्टेंबर २०२४)

काल पुन्हा टँपा आणि पुन्हा हार, ३३-१६. ब्राऊन, डेव्हाँटा स्मिथ आणि लेन जॉन्सन हे तिघेही नव्हते, परंतु ज्या परीक्षेसाठी मूर यांना आणले त्याच परीक्षेत हर्ट्स सहा वेळा जमिनीवर आले. चारही सामन्यांत पहिल्या क्वार्टरमध्ये एकही गुण नाही. पहिल्या पंधरा प्लेंची जी यादी कोऑर्डिनेटर आठवडाभर शांतपणे लिहितो तीच फसते आहे, याचे समर्थन मला करता येत नाही. माझा जानेवारीतला होकार सध्या अडगळीत ठेवला आहे.

अवंती_जर्सी (१३ फेब्रुवारी २०२५)

माझा आक्षेप मी जाहीरपणे मागे घेते. रविवारी न्यू ऑर्लिन्समध्ये सुपर बोलमध्ये ईगल्सने चीफ्सना ४०-२२ असे हरवले, आणि दोनच दिवसांत मूर त्याच शहरातल्या सेंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. आडगावकरांची शंका अक्षरशः खरी ठरली.

धाव-खेळाबद्दल मी साफ चुकले. संघाने लीगमध्ये सर्वाधिक वेळा धावण्याचे प्ले केले आणि बार्कली यांनी नियमित हंगामात २,००५ यार्ड काढले. ‘स्कोअरबोर्ड पेटवणारा’ अशी ज्यांची ख्याती होती त्या माणसाने फेकीचा खेळ यार्डांमध्ये लीगच्या तळाजवळ जाऊ दिला, डिसेंबरमध्ये ब्राऊन यांनी फेकींबद्दल उघड नाराजी दाखवली तरी वाट सोडली नाही. मला जे त्यांच्यात सापडत नव्हते ते म्हणजे हा संयम, आणि तो चार्जर्सच्या आकड्यांत दिसणे शक्यच नव्हते. किंग्जबरी वॉशिंग्टनचे आखणीकार म्हणून समोर आले, त्यांना नवख्या जेडन डॅनियल्स यांच्यासह १२ विजय मिळाले, हेही मान्य करायला हवे. एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात ते ईगल्सकडून ५५-२३ असे हरले तरी त्या पंचावन्न गुणांना ते जबाबदार नव्हते.

डॅलसचा शेजारी (१३ फेब्रुवारी २०२५)

अभिनंदन, दात-ओठ खाऊन. पण श्रेय वाटताना हात आखडता घ्या. बार्कली यांना संघाचे व्यवस्थापक हॉवी रोझमन यांनी आणले, ओ-लाइन स्टाउटलंड यांची, आणि सुपर बोल व्हिक फँजियो यांच्या बचावाने मध्यंतरापर्यंत २४-० असा जवळपास संपवला होता. मूर यांच्या जागी दुसरा कोणी सुज्ञ माणूस असता तर काय बिघडले असते?

पॅटिसनकर (१४ फेब्रुवारी २०२५)

मी दोन ठिकाणी बोट ठेवतो. हर्ट्स यांनी पहिल्या चार सामन्यांत ४ इंटरसेप्शन दिली होती. टँपानंतरच्या सुट्टीच्या आठवड्यात काहीतरी बदलले आणि नियमित हंगामाच्या उरलेल्या भागात त्यांनी केवळ १ दिले. दुसरे, सुपर बोलमध्ये चीफ्सनी बार्कली यांना रोखायचेच ठरवले होते आणि ते त्यांना जमलेही : २५ वेळा धावून ५७ यार्ड. म्हणजे वर्षभर चाललेला बेत मोठ्या सामन्यात बंद पडला. समोर ब्लिट्झसाठी नावाजलेले चीफ्सच्या बचावाचे आखणीकार स्टीव्ह स्पॅग्न्युओलो होते. तेथे हर्ट्स यांनी २२ पैकी १७ फेकी पूर्ण केल्या आणि तेच सर्वोत्तम खेळाडू ठरले. सोळाव्या मिनिटाला काय करता, या माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला वर्षभराने मिळाले. सप्टेंबरमध्ये ते उत्तर त्यांच्याकडे नव्हते, हेही तितकेच खरे.

आता केव्हिन पटुलो यांचे नाव पुढे येते आहे. ईगल्समध्ये सिरियानी यांच्याबरोबर २०२१ पासून आहेत, हर्ट्स त्यांना ओळखतात, लिपी बदलणार नाही. पण एनएफएलमध्ये पूर्ण हंगाम प्ले पुकारण्याचा अनुभव नाही. मूर यांचे निदान चुकलेले प्ले तरी तपासायला होते. यांचे काय तपासायचे?

चौथा डाऊन (१४ फेब्रुवारी २०२५)

जानेवारी २०२४ चा टँपाचा सामना तपासा. फेकीच्या खेळाचे समन्वयक म्हणून त्या दिवशी तेही आपल्याच बाजूला उभे होते.